सरकारी कर्ज, महागाई आणि मध्ये अडकलेली मध्यवर्ती बँक: ब्रिटनमध्ये २०२२ साली काय झालं?

२२ सप्टेंबर २०२२ रोजी बँक ऑफ इंग्लंडने दोन निर्णय घेतले. व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढवून २.२५ टक्क्यांवर नेला. शिवाय २००९ पासून वेळोवेळी विकत घेऊन ठेवलेले सरकारी रोखे पुढच्या वर्षभरात ८० अब्ज पौंडांनी कमी करायचं ठरवलं. महागाई दहा टक्क्यांना टेकली होती, तेव्हा बाजारातला पैसा आवळणं हे मध्यवर्ती बँकेचं कामच होतं. पण सहाच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, याच बँकेने जाहीर केलं की ती रोखे विकणार नाही, उलट विकत घेणार. तेही दिवसाला ५ अब्ज पौंडांपर्यंत, १३ कामकाजाचे दिवस.

महागाई काही कमी झालेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये ती ११.१ टक्क्यांवर गेली, ४१ वर्षांतली सर्वांत जास्त. मग त्या सहा दिवसांत असं काय घडलं? याचं उत्तर नीट समजलं, तर सरकारी कर्ज, बाजार आणि व्याजदर यांच्याबद्दल अमेरिका, जपान किंवा आपल्याकडून येणाऱ्या बातम्यांचा अर्थ लावणं बरंच सोपं जातं. म्हणून जगाचा धावता आढावा घेण्याऐवजी या लेखात मी जास्त वेळ त्या काही आठवड्यांवरच थांबणार आहे.

आधी रोख्यांचं गणित पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. करांतून येणाऱ्या पैशापेक्षा खर्च जास्त असला की सरकार रोखे विकून कर्ज उभारतं. ब्रिटनमध्ये या रोख्यांना गिल्ट म्हणतात. मे २०२० मध्ये, ऐन कोविडच्या काळात, तिथल्या सरकारने २०६१ साली परतफेड होणारा एक गिल्ट विकला. त्यावर व्याज होतं वर्षाला अवघा अर्धा टक्का. म्हणजे १०० पौंडांच्या रोख्यावर दरवर्षी ५० पेन्स आणि २०६१ मध्ये १०० पौंड परत. तेव्हा व्याजदर शून्याजवळ असल्यामुळे गुंतवणूकदारांनी तो जवळपास पूर्ण किमतीला घेतला.

आता समजा दोन वर्षांनी तशाच लांब मुदतीच्या नव्या रोख्यावर साडेचार टक्के मिळू लागले. मग अर्धा टक्का देणारा जुना रोखा १०० पौंडांना कोण घेणार? नव्या खरेदीदारालाही वर्षाला साडेचार टक्केच पडतील इतका तो स्वस्त व्हावा लागतो. हिशोब मांडला तर ती किंमत २७ पौंडांच्या आसपास येते. सरकारने व्याजाचा एकही हप्ता चुकवलेला नाही आणि २०६१ मध्ये १०० पौंड मिळतील यातही शंका नाही. तरीही आज विकायला गेलं तर रुपयातले जवळजवळ बारा आणे गेलेले. आजच्या किमतीला रोखा घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवला तर वर्षाला जो परतावा पडतो त्याला यील्ड म्हणतात. किंमत उतरली की यील्ड चढतं आणि किंमत चढली की यील्ड उतरतं. मुदत जितकी लांब, तितका हा हेलकावा मोठा.

मध्यवर्ती बँक ठरवते तो व्याजदर अगदी अल्प मुदतीचा, बँकांच्या रोजच्या देवाणघेवाणीचा असतो. तीस वर्षांच्या रोख्याचं यील्ड मात्र बाजार ठरवतो. पुढच्या तीस वर्षांत महागाई किती राहील, सरकार आणखी किती कर्ज काढेल आणि हिशोब खरा सांगेल का, या सगळ्याचा अंदाज त्या एका आकड्यात उतरलेला असतो.

२३ सप्टेंबरचा अर्थसंकल्प

लिझ ट्रस ६ सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून गॅस आणि विजेची बिलं भडकली होती. ती आटोक्यात ठेवण्याची योजना सरकारने लगेच आणली. पहिल्या सहा महिन्यांचा तिचा अंदाजे खर्च ६० अब्ज पौंड होता. त्यावर २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी वर्षाला ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. १९७२ नंतर एवढी मोठी करकपात झालेली नव्हती. कंपनीकरातली ठरलेली वाढ रद्द झाली आणि सर्वांत श्रीमंतांवरचा ४५ टक्क्यांचा आयकराचा टप्पाही काढला. यासाठीचा पैसा येणार होता कर्जातून.

करकपात चूक की बरोबर यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद असू शकतात. माझ्या मते खरा घाव दुसरीकडे बसला. सरकारच्या आकडेमोडीची स्वतंत्रपणे तपासणी करणारी ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी ही संस्था ब्रिटनमध्ये आहे. एवढ्या मोठ्या घोषणेसोबत तिचा अंदाज प्रसिद्धच केला गेला नाही. अर्थखात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना काही दिवस आधीच पदावरून दूर केलं होतं. कर्ज देणाऱ्याला व्याजापेक्षाही जास्त चिंता असते ती वहीची. वही दाखवायला नकार मिळाला, तर तो जास्त व्याज मागतो किंवा पैसे काढून घेतो. इथे दोन्ही झालं. सोमवारी २६ सप्टेंबरला पौंड १.०३ डॉलरच्या आसपास घसरला, इतिहासातल्या सर्वांत खालच्या पातळीवर. तीस वर्षांच्या गिल्टचं यील्ड काही दिवसांतच पावणेचार टक्क्यांच्या आसपासून पाच टक्क्यांच्या वर गेलं. बँक ऑफ इंग्लंडने नंतर दिलेल्या माहितीनुसार, चार दिवसांतली ही उडी २००० सालापासूनच्या आधीच्या सर्वांत मोठ्या उडीच्या दुपटीहून जास्त होती.

पेन्शन फंड कसे सापडले

इथपर्यंत ही एका सरकारच्या विश्वासार्हतेची गोष्ट आहे. तिचं संकट झालं ते पेन्शन फंडांमुळे, आणि हाच भाग बातम्यांमध्ये सगळ्यात घाईने उरकला गेला.

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना निवृत्तीनंतर ठरावीक पेन्शन देण्याचं वचन दिलेलं आहे. तीस-चाळीस वर्षांनी द्यायच्या पैशाची आजची किंमत किती, हे यील्डवरून काढतात. यील्ड कमी असलं तर तीच रक्कम आज जास्त मोठी दिसते. २००८ च्या मंदीनंतर बरीच वर्षं यील्ड घसरत गेलं आणि पेन्शन फंडांच्या वहीत देणी फुगत गेली. यापासून बचाव म्हणजे लांब मुदतीचे गिल्ट घेणं, कारण यील्ड घसरून देणी वाढली तर गिल्टची किंमतही वाढते आणि दोन्ही बाजू जुळतात. पण सगळा पैसा गिल्टमध्ये घातला तर आधीची तूट भरून काढायला शेअर आणि इतर गुंतवणुकीसाठी काही उरत नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. हातातले गिल्ट बँकेकडे तारण ठेवायचे, मिळालेल्या पैशातून आणखी गिल्ट घ्यायचे. थोड्या भांडवलावर मोठा बचाव. या पद्धतीला एलडीआय (लायबिलिटी-ड्रिव्हन इन्व्हेस्टमेंट, म्हणजे देणी पाहून केलेली गुंतवणूक) म्हणतात आणि दीड लाख कोटी पौंडांच्या आसपास पेन्शनची देणी तिच्यात गुंतलेली होती.

सोनेतारण कर्ज घेतलेल्या कोणालाही पुढचं चटकन कळेल. सोन्याचा भाव अचानक उतरला की कर्ज देणारी संस्था म्हणते, आणखी सोनं आणून ठेवा किंवा काही रक्कम भरा, नाहीतर आम्ही तारण विकू. गिल्ट कोसळल्यावर बँकांनी पेन्शन फंडांना नेमकं हेच सांगितलं, आणि मुदत दिली ती तासांची, फार तर एक-दोन दिवसांची. फंडांकडे मालमत्ता होती, पण हातात रोख नव्हती. लगेच विकण्यासारखं काय, तर पुन्हा गिल्टच. सगळ्यांनी एकाच वेळी गिल्ट विकायला काढल्यावर भाव आणखी पडला, तारण आणखी अपुरं पडलं, पुन्हा मागणी आली, पुन्हा विक्री झाली. लहान लहान पेन्शन योजनांनी मिळून घेतलेले सामायिक फंड यात सर्वांत कमजोर ठरले. त्यांच्या विश्वस्तांना बैठक घेऊन, सही करून, दुसरीकडची गुंतवणूक मोडून पैसे पाठवायला आठवडा-दोन आठवडे लागत होते आणि बाजार तेवढा थांबायला तयार नव्हता.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की यील्ड वाढल्यामुळे पेन्शन फंडांची दीर्घकालीन स्थिती खरं तर सुधारत होती. त्यांची देणी कमी होत होती. वर्षअखेरीस ताळेबंद मांडला असता तर बरेच फंड आधीपेक्षा सुस्थितीत दिसले असते. तरीही त्या दुपारी ते बुडू शकत होते. दिवाळखोरी आणि रोकडटंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारातली बहुतेक घबराट दुसरीतून सुरू होते.

२७ सप्टेंबरच्या संध्याकाळी बँक ऑफ इंग्लंडला कळवण्यात आलं की अनेक फंडांची निव्वळ किंमत दुसऱ्या दिवशी शून्याखाली जाण्याची शक्यता आहे. तसं झालं असतं तर कर्ज देणाऱ्या बँकांनी तारणातले गिल्ट एकदम बाजारात ओतले असते. सरकारी रोख्याचा भाव हा गृहकर्जापासून कंपन्यांच्या कर्जापर्यंत सगळ्या दरांचा पाया असतो. तो पायाच सुटला असता. त्याच आठवड्यात कित्येक बँकांनी गृहकर्जाच्या योजना मागे घेतल्या होत्या, कारण उद्या काय दर लावायचा हे त्यांना कळत नव्हतं. दोन वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचा सरासरी दर पुढे ऑक्टोबरमध्ये साडेसहा टक्क्यांच्या वर गेला. ज्यांनी कधी गिल्ट पाहिलाही नव्हता त्यांच्या घराचा हप्ता त्यामुळे वाढला.

बँकेने काय केलं

आता मध्यवर्ती बँकेची कोंडी लक्षात येईल. महागाई उतरवायची तर यील्ड वाढू द्यायला हवं. बाजार वाचवायचा तर ते खाली आणायला हवं. त्यातून रोखे विकत घेतले की टीका होणार, सरकारच्या बेहिशेबी कर्जाला बँक नोटा छापून मदत करते आहे. ही भीती जुनी आहे. बँक ऑफ इंग्लंडचा जन्मच १६९४ साली सरकारला १२ लाख पौंडांचं कर्ज देण्यासाठी झाला, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी, ८ टक्के व्याजाने. सरकारपासून अंतर राखायला शिकण्यात तिची पुढची तीन शतकं गेली.

बँकेने वाट काढली ती मुदत आणि हेतू यांचं स्पष्ट कुंपण घालून. खरेदी फक्त लांब मुदतीच्या गिल्टची, फक्त १४ ऑक्टोबरपर्यंत आणि फक्त बाजार सुरळीत व्हावा म्हणून. घोषणा झाली त्याच दिवशी तीस वर्षांचं यील्ड एका टक्क्याहून जास्त खाली आलं. सुरुवातीला जाहीर केलेली एकूण मर्यादा ६५ अब्ज पौंडांची होती, पुढे दिवसाची मर्यादा ५ वरून १० अब्जांवर नेली. प्रत्यक्षात खरेदी झाली १९.३ अब्ज पौंडांची. खात्रीचा खरेदीदार समोर उभा आहे हे कळल्यावर घाईने विकणारेच कमी झाले. शेवटच्या आठवड्यात फंड मुदतवाढ मागत होते, तेव्हा गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी वॉशिंग्टनमध्ये त्यांना जाहीरपणे बजावलं की तुमच्याकडे तीन दिवस उरले आहेत, तेवढ्यात तुमची व्यवस्था करा. त्यांच्यावर त्या वेळी फार टीका झाली. मला मात्र ती कठोरता योग्य वाटते. मुदत सरकवली असती तर तारणावर कर्ज काढणारा प्रत्येक जण पुढच्या वेळी बँकेला गृहीत धरूनच चालला असता.

पुढचं राजकारण भराभर घडलं. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, १७ ला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळपास सगळी करकपात मागे घेतली, २० ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. बँकेने ३ नोव्हेंबरला व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवून ३ टक्क्यांवर नेला आणि विकत घेतलेले गिल्ट जानेवारी २०२३ पर्यंत विकून टाकले, नफ्यात.

या गोष्टीला एक पुढचा भाग आहे आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तीस वर्षांच्या गिल्टचं यील्ड ५.७ टक्क्यांच्या आसपास गेलं. ही पातळी १९९८ नंतरची सर्वांत जास्त होती, २०२२ च्या घबराटीपेक्षाही वरची. तरी काही कोसळलं नाही. यील्ड हळूहळू चढलं होतं, आणि मध्यंतरी नियामकांनी एलडीआय फंडांना किमान अडीच टक्क्यांची वाढ सोसेल इतकं तारण हाताशी ठेवायला लावलं होतं. म्हणून देशावर कर्ज किती, हा प्रश्न अर्धाच आहे. ते रोखे कोणाच्या हातात आहेत, त्यांनी ते स्वतःच्या पैशाने घेतलेत की उसन्या, आणि बदल किती वेगाने येतो आहे, हे विचारल्याशिवाय धोका कळत नाही.

दुसरीकडे तीच गाठ

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिच्याकडचे लांब मुदतीचे रोखे भक्कम होते, फक्त तिथली मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) हिने वर्षभरात व्याजदर शून्याजवळून साडेचार टक्क्यांच्या वर नेल्यामुळे त्यांचे भाव उतरले होते. ठेवी आटत गेल्यामुळे त्यातले बरेच रोखे तिला तोट्यात विकावे लागले, आणि ते जाहीर होताच ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले. फेडने इतर बँकांना रोख्यांच्या पूर्ण दर्शनी किमतीवर कर्ज देऊ केलं आणि त्याच महिन्यात व्याजदर पाव टक्क्याने वाढवलाही. एक हात आधाराला, दुसरा लगामाला, ब्रिटनसारखंच. तिथे कर्जाचा भार आता एवढा आहे की २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने निव्वळ व्याजापोटी सुमारे ८८० अब्ज डॉलर भरले, संरक्षण खर्चाहून जास्त. दर कमी करा म्हणजे सरकारचं व्याज वाचेल, असं राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प २०२५ मध्ये फेडला उघडपणे सांगत होते. महागाईऐवजी सरकारचा व्याजखर्च पाहून दर ठरू लागले, तर लांब मुदतीचे गुंतवणूकदार जास्तच यील्ड मागतील आणि हेतूच फसेल.

जपानचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. ते पेललं गेलं कारण जवळपास निम्मे रोखे बँक ऑफ जपानकडेच होते आणि बाकीचे बहुतेक देशातल्याच संस्थांकडे. पण बँक ऑफ जपानने ३१ जुलै २०२४ रोजी दर फक्त ०.२५ टक्क्यांवर नेला, आणि स्वस्त येन उसने घेऊन जगभर गुंतवणूक केलेल्यांची धावपळ उडाली. ५ ऑगस्टला निक्केई निर्देशांक एका दिवसात १२.४ टक्के पडला. मुंबईत सेन्सेक्सही त्या दिवशी सुमारे २,२०० अंकांनी घसरला. दोन दिवसांनी बँक ऑफ जपानच्या उपगव्हर्नरांना सांगावं लागलं की बाजार अस्थिर असताना आम्ही दर वाढवणार नाही.

आपल्याकडे

भारतात एकेकाळी केंद्र सरकारला तूट आली की रिझर्व्ह बँक जवळपास आपोआप ती भरून द्यायची, ॲड हॉक ट्रेझरी बिलांच्या मार्गाने. १९९४ मध्ये सी. रंगराजन गव्हर्नर असताना सरकारशी करार झाला आणि १९९७ पासून ही पद्धत बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक सरकारकडून थेट रोखे घेऊ शकत नाही. बाजारातून मात्र ती घेते, आणि कोविडच्या काळात तिने ते मोठ्या प्रमाणावर केलंही.

आपलं सरकारी कर्ज बहुतांश रुपयातच आहे आणि बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी अशा देशी हातांत आहे. बँकांना तर ठेवींच्या १८ टक्के रक्कम अशा रोख्यांसारख्या सुरक्षित मालमत्तेत ठेवावीच लागते. ब्रिटनसारखी एका आठवड्यातली पळापळ होण्याची शक्यता त्यामुळे कमी आहे. पण ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी व्याजावर आहेत, म्हणजे रुपयातले चार आणे. शिवाय जून २०२४ पासून जगभरचे फंड ज्याच्यानुसार पैसे लावतात त्या जे. पी. मॉर्गनच्या रोखे निर्देशांकात आपले रोखे आल्यामुळे परदेशी पैसा वाढतो आहे. तो हवाच आहे, मात्र घाबरला की सर्वांत आधी निघतो तोही हाच.

रिझर्व्ह बँकेची मर्यादाही २०२५ मध्ये दिसली. फेब्रुवारी ते जून या काळात तिने रेपो दर एका टक्क्याने कमी करून ५.५ वर आणला. त्यानंतर दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड उतरण्याऐवजी चढलं आणि ऑगस्टअखेर साडेसहा टक्क्यांच्या वर गेलं. अल्प मुदतीचा दर मुंबईत मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात ठरतो, लांब मुदतीचा ठरत नाही.

नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून कोणालाही सरकारी रोखे घेता येतात, आणि गिल्ट फंडांत किंवा एनपीएसच्या सरकारी रोख्यांच्या पर्यायात अनेकांचे पैसे आधीच आहेत. 'सरकारी आहे म्हणजे सुरक्षित' हे वाक्य तिथे फक्त परतफेडीपुरतं खरं आहे, मधल्या काळातल्या भावापुरतं नाही. फंडाच्या मासिक पत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा एक आकडा दिलेला असतो, तो जरूर पाहा. तो ९ असेल तर यील्ड एका टक्क्याने वाढल्यावर फंडाचं मूल्य साधारण ९ टक्के उतरेल, १ असेल तर साधारण १ टक्का. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा, मग तो मुलीच्या शिक्षणाचा असो वा घराच्या पहिल्या हप्त्याचा, मोठ्या आकड्याच्या फंडात ठेवू नये. पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नसेल आणि त्यावर कर्ज काढलेलं नसेल, तर तेच यील्ड वाढणं पुढच्या व्याजाच्या फेरगुंतवणुकीला फायद्याचं ठरतं.